‘तुमचा डेटा कोणत्या प्रकारचा?’ : झोप आणि मोबाइलच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, विषय ‘कॉलेजच्या मुलांचा रात्रीचा मोबाइल वापर आणि झोप’. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दाखवताना गाइडनी विचारलं, ‘डेटा कोणत्या प्रकारचा?’ हिने सांगितलं, ‘प्रश्नावली’. गाइड म्हणाले, ‘ते साधन झालं, प्रकार सांगा.’ घरी येऊन पुस्तकं उघडली, तर एकात प्राथमिक-दुय्यम, दुसऱ्यात गुणात्मक-संख्यात्मक, तिसऱ्यात नामनिर्देशक-क्रमदर्शक. यातलं नक्की काय सांगायचं?

तिन्ही सांगायचं. हे एकाच प्रश्नाचे पर्याय नाहीत, प्रश्नच तीन वेगळे आहेत: डेटा कुणी गोळा केला, तो शब्दांत आहे की आकड्यांत, आणि कोणत्या पातळीच्या मापाने मोजला. कुणाला ‘गाव कोणतं, काम काय, उंची किती’ असं विचारलं तर त्यातलं एकच उत्तर देऊन भागत नाही, तसंच हे. पण वीसेक वर्षं रिसर्च मेथडॉलॉजी शिकवून आणि व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलाच्या पलीकडे बसून माझं एक मत झालं आहे. याआधी अजून एक प्रश्न विचारायला हवा: ही नोंद केली कुणी? प्रयुक्ताने (म्हणजे ज्याचा अभ्यास करतोय त्याने) स्वतः आठवून, शेजारच्याने बघून, यंत्राने, की कुठल्या कचेरीच्या रजिस्टराने? डेटात चूक कोणत्या वाटेने शिरणार ते यावर ठरतं, आणि ती वाट माहीत नसेल तर बाकीची वर्गवारी पाठ असूनही फारसा उपयोग होत नाही.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासासाठी याच धर्तीवर तीन गट पाडले होते. आयुष्यातल्या नोंदी आणि इतरांनी केलेलं मूल्यमापन म्हणजे ‘एल’, माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं ‘क्यू’, आणि ठरवून दिलेल्या कसोटीवर त्याने प्रत्यक्ष काय केलं ते ‘टी’. तुमच्या विषयात हे तिन्ही सापडतात, वर यंत्राच्या नोंदीही आहेत. म्हणून तुमचंच प्रोजेक्ट घेऊन पुढे जाऊ.

सुरुवात मोबाइलपासून. ‘तुम्ही रोज किती तास मोबाइल वापरता?’ हा प्रश्न म्हणजे सेल्फ-रिपोर्ट, आपल्या पुस्तकांतलं ‘स्वयंनिवेदन’. मुलगी विचार करते, ‘असेल तीनेक तास’, आणि ३ लिहिते. तिच्या फोनमध्ये मात्र सगळा हिशेब बसलेला असतो. सांगितलेला वापर आणि फोनने नोंदवलेला वापर यांची तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या शोधपत्रिकेत आला. दोन्हींतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.३८ निघाला. याचा वर्ग केला तर जेमतेम १४ टक्के, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या फरकाचा तेवढाच भाग सांगण्यातून कळतो. म्हणजे ‘जास्त वापरतो’ म्हणणारे खरोखर जास्त वापरतात असं फारच सैलपणे म्हणता येतं. मुलं खोटं बोलत नाहीत. शंभर वेळा खिशातून काढलेल्या वस्तूचे तास कुणी मनात मोजत नसतं, इतकंच.

मग सरळ स्क्रीन टाइमचे स्क्रीनशॉट मागवावेत? मागवा, पण तीन गोष्टी सांभाळून. फोन टेबलावर उघडा ठेवून रेसिपी बघत पोळ्या करणारी मुलगी आणि रील्स सरकवत पडलेली मुलगी, दोघींचा एक तास फोनला सारखाच दिसतो. दुसरं, वापर लॅपटॉपवरही होतो, घरच्यांच्या फोनवरही होतो. तिसरी गोष्ट डेटाच्या प्रकाराची कमी आणि माणुसकीची जास्त आहे. स्क्रीनशॉटमध्ये ॲपची नावं दिसतात. डेटिंगचं ॲप, कर्जाचं ॲप, मासिक पाळीची नोंद ठेवणारं ॲप, हे सगळं तुमच्या ड्राइव्हवर येऊन पडतं. तुम्हाला हवा असतो फक्त एकूण वेळ. तेवढा आकडाच प्रयुक्ताकडून तुमच्यासमोर वाचून घ्या आणि संमतीपत्रात तसं लिहा. २०१७ च्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) नैतिक मार्गदर्शक सूचना नावापुरत्या जोडू नका, एकदा वाचा.

आता झोप. इथे खरी गंमत आहे, आणि मराठीत ती जास्तच आहे.

झोपेसाठी बहुतेक मुली पीएसक्यूआय घेतात, म्हणजे पिट्सबर्गची १९८९ सालची स्लीप क्वालिटी इंडेक्स. गेल्या महिन्याबद्दल १९ प्रश्न, त्यांतून सात घटक, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २१. बेरीज ५ च्या वर गेली की झोपेचा दर्जा वाईट धरतात. पहिल्या चार प्रश्नांत अंथरुणावर जायची वेळ, झोप लागायला लागणारी मिनिटं, उठायची वेळ आणि प्रत्यक्ष झोपेचे तास विचारले आहेत. झोपेचे तास भागिले अंथरुणावरचे तास, यातून ‘झोपेची कार्यक्षमता’ काढतात. ८५ टक्के किंवा जास्त आली तर ० गुण, ७५ ते ८४ ला १, ६५ ते ७४ ला २, त्याखाली ३.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने घाईत स्वतःच भाषांतर केलं आणि पहिला प्रश्न लिहिला: ‘तुम्ही रात्री किती वाजता झोपता?’ वाचायला अगदी साधं मराठी. पण आपल्याकडे ‘झोपणे’ म्हणजे आडवं होणंही आणि डोळा लागणंही. ‘अजून झोपली नाहीस?’ ‘झोपलेय गं, झोप लागत नाहीये.’ या घरगुती संवादात कुणाला काही खटकत नाही. तक्त्यात मात्र काय होतं ते बघा. एक मुलगी साडेअकराला गादीवर पडली, फोन बघत राहिली, सव्वाला झोप लागली, साडेसातला उठली, आणि तिच्या अंदाजाने सहा तास झोपली. तिने उत्तरात ११:३० लिहिलं तर अंथरुणावर ८ तास, कार्यक्षमता ७५ टक्के, गुण १. तिनेच १:१५ लिहिलं तर अंथरुणावर सव्वासहा तास, कार्यक्षमता ९६ टक्के, गुण ०. मुलगी तीच, रात्र तीच. आणि फोन बघण्यात गेलेले ते पावणेदोन तास, म्हणजे ज्यासाठी सगळं प्रोजेक्ट मांडलं, तेच हिशेबातून गायब. ‘अंथरुणावर किती वाजता जाता?’ आणि ‘दिवा-फोन बंद करून झोपायचा प्रयत्न किती वाजता सुरू करता?’ हे दोन वेगळे प्रश्न हवेत. मूळ इंडेक्समध्ये दुसरा प्रश्न नाही. तो तुमचा जादा प्रश्न म्हणून वेगळा ठेवा, गुणांत मिसळू नका. आणि हो, चाचणीवर स्वामित्वहक्क आहे. परवानगी मागा आणि मान्य मराठी रूप मिळतंय का ते आधी बघा.

नकारार्थी विधानांचं असंच आहे. ‘मला रात्री लवकर झोप लागत नाही’ याच्यासमोर सहमत-असहमत ठेवलं, की काही मुलं ‘नाही’ या अर्थाने असहमतवर खूण करतात, आणि त्यांना म्हणायचं असतं ‘नाही लागत’. बोलताना ‘झोप येत नाही का?’ याला ‘हो ना’ आणि ‘नाही ना’ ही दोन्ही उत्तरं एकाच अर्थाने येतात. उलट गुणांकनाची विधानं, म्हणजे ज्यांचे गुण उलटे मोजायचे ती, इंग्रजीतून जशीच्या तशी उतरवली की विश्वसनीयता, म्हणजे उत्तरांची आपसातली सुसंगती, घसरते, आणि मग विद्यार्थी सॉफ्टवेअरला दोष देतात.

पीएसक्यूआयच्या शेवटी पाच प्रश्न असतात ते बहुतेक जण कापून टाकतात, कारण ते गुणांत धरायचे नसतात. ते प्रश्न सोबत झोपणाऱ्याला किंवा रूममेटला असतात: घोरते का, श्वास मध्येच अडकतो का, पाय झटकते का. हा झाला दुसऱ्याने बघून दिलेला डेटा. हॉस्टेलवर काम करत असाल तर तो अजिबात सोडू नका. ‘मी बारापर्यंत झोपते’ असं लिहिणाऱ्या मुलीची रूममेट ‘दीड वाजेपर्यंत उजेड तोंडावर येतो माझ्या’ असं सांगते, आणि त्या एका वाक्याची किंमत फार असते. अर्थात रूममेटचंही भांडण असू शकतं. बघणाऱ्याच्या डोळ्यालाही स्वतःचं मत असतं.

आता यंत्र. मनगटावरचा बँड हालचाल मोजतो, आणि हालचाल थांबली की झोप धरतो. या पद्धतीची जुनी खोड अशी की माणूस झोपलेला असेल तर ती बरोबर ओळखते, पण निश्चल पडून जागा असेल तर बऱ्याचदा फसते. तुमच्या विषयात नेमकं हेच घडणार आहे. फोन एका हातात धरून फक्त अंगठा हलवणारा माणूस, आणि बँड दुसऱ्या हाताला! आमच्याकडे एका बॅचने असे बँड वापरले तेव्हा एक मुलगा रोज अकराला ‘झोपत’ होता आणि त्याच वेळी ग्रुपवर मेसेज टाकत होता. त्या बिचाऱ्याने ते स्वतःच दाखवलं म्हणून कळलं. बँडवर ‘गाढ झोप’, ‘हलकी झोप’ असे रंगीत पट्टे येतात तेही जपून. ते अंदाज आहेत, आणि कंपनी हिशेबाची पद्धत अपडेटबरोबर बदलू शकते. अभ्यासाच्या मधेच बदलली तर तुमचा पहिला आठवडा आणि तिसरा आठवडा दोन वेगळ्या मापांनी मोजला गेला म्हणायचा.

म्हणजे स्वतः सांगितलेलं टाकाऊ आणि यंत्राचं खरं, असा सरळ निकाल लागत नाही. अमेरिकेत २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांनी सांगितलेली झोप आणि मनगटावरच्या उपकरणाने मोजलेली झोप यांत सहसंबंध ०.४७ होता, आणि लोकांनी सरासरीने जास्तच झोप सांगितली होती. पण ‘झोपून उठल्यावर ताजं वाटतं का’ हे कुठलंही उपकरण सांगू शकत नाही. ते त्या माणसालाच ठाऊक. निद्रानाशाची तक्रार ही मुळात तक्रार असते, आलेख नसतो.

मेंदूच्या विद्युतलहरी मोजणारी ईईजी तुमच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून एकच गोष्ट सांगून पुढे जातो. झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभराचा आलेख ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात आणि प्रत्येक तुकड्याला झोपेची अवस्था देणारा माणूसच असतो. हजारो वाचकांच्या तुलनेत एकमत ८३ टक्क्यांच्या आसपास निघालं होतं, आणि जाग व झोप यांच्या उंबऱ्यावरच्या पहिल्या अवस्थेत ते बरंच खाली होतं. इतक्या महागड्या यंत्राच्या टोकालासुद्धा शेवटी कुणाचा तरी डोळा बसलेला असतो.

कॅटेलचा ‘टी’ गट मात्र तुम्हाला परवडतो. जागरणाचा परिणाम बघायचा तर प्रतिक्रियाकाल घ्या. सायकोमोटर व्हिजिलन्स टास्कमध्ये दहा मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं आणि खूण दिसली की बटण दाबायचं. ५०० मिलिसेकंदांपेक्षा उशीर झाला तर ‘लॅप्स’. हा डेटा घंटेच्या आकाराचा येत नाही, उजवीकडे लांब शेपटी काढतो. समजा पाच नोंदी आल्या: २६०, २७५, २८०, २९० आणि १४००. सरासरी ५०१, मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद) २८०. सांख्यिकीच्या तासाला शिकलेली मुलं लगेच १४०० ला ‘आउटलायर’, म्हणजे इतरांपासून फार दूर पडलेली नोंद, म्हणून हाकलतात. इथे तो हाकलायचा नाही! झोप कमी झालेल्या माणसाचा डोळा क्षणभर मिटतो, तोच हा १४००. ज्याच्या शोधात निघालो तो दारात आला आणि आपण त्यालाच परत पाठवला, असं होतं.

आता मापनश्रेणी, गाइडच्या डोक्यात बहुधा हीच होती. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली ‘सायन्स’मधल्या लेखात चार पातळ्या मांडल्या आणि तेव्हापासून त्या प्रत्येक पेपरात विचारल्या जातात. तुमच्या एकाच तक्त्यात चारही आहेत. हॉस्टेल, घर की पेइंग गेस्ट, हे नामनिर्देशक. ‘झोप खूप चांगली, बरी, वाईट, खूप वाईट’ हे क्रमदर्शक: क्रम आहे, पण ‘बरी’ आणि ‘वाईट’ यांच्यातलं अंतर ‘वाईट’ आणि ‘खूप वाईट’ एवढंच आहे याची हमी कुणी दिलेली नाही. झोपायला जायची वेळ ही अंतराल: दहा ते अकरा आणि अकरा ते बारा हे तास सारखे, पण रात्रीचे आठ म्हणजे चारच्या दुप्पट असं काही नसतं. झोपेचे तास गुणोत्तर श्रेणीत, तिथे आठ हे चारच्या दुप्पट खरेच.

यात घड्याळाच्या वेळेने दरवर्षी एकदोघांचा तरी बळी जातो. एक मुलगी साडेअकराला झोपली, दुसरी साडेबाराला. एक्सेलमध्ये २३:३० आणि ००:३० भरलं आणि सरासरी काढली: १२:००, दुपारचे! घड्याळ गोल आहे आणि एक्सेलला सरळ रेषाच कळते. उपाय सोपा आहे. दुपारी बारापासून किती तास झाले ते लिहा. साडेअकरा म्हणजे ११.५, साडेबारा म्हणजे १२.५, सरासरी १२, म्हणजे मध्यरात्र. मी एक प्रबंध असा पाहिला आहे की ज्यात सगळ्या गटाची झोपायची सरासरी वेळ सायंकाळी पावणेसहा छापली होती आणि त्यावर दोन परिच्छेद चर्चाही केली होती.

लिकर्टची विधानं (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी उत्तरं असलेली) क्रमदर्शक की अंतराल, यावर वाद घालत बसू नका. एकेकटं विधान क्रमदर्शक समजा, आठ-दहा विधानांची चांगली बसलेली बेरीज अंतरालसारखी वापरायची वहिवाट आहे, आणि ही वहिवाट आहे एवढं व्हायवात मान्य करा. परीक्षक खूश होतात.

डायरी ठेवायची असेल तर एक जुना किस्सा लक्षात असू द्या. २००२ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. दुखण्याच्या रुग्णांना तीन आठवडे कागदी डायरी दिली आणि डायरीत प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला. रुग्णांच्या लेखी तारीख-वेळेनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. सेन्सरच्या हिशेबाने खरोखर वेळेवर झालेल्या होत्या ११ टक्के. बाकीच्या नंतर बसून भरलेल्या. आपण शाळेत निसर्गनिरीक्षणाची वही आदल्या रात्री कशी भरायचो, तसंच. सकाळी फोनवर फॉर्म पाठवा, त्यावर भरल्याची वेळ आपोआप उमटते. आणि न भरलेले दिवस नुसते रिकामे सोडू नका, मोजा. उशिरा झोपणाराच सकाळचा फॉर्म चुकवतो. त्या रिकाम्या जागा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात.

डायरीतला दुसरा खड्डा: ६० मुलं गुणिले १४ दिवस म्हणजे ८४० ओळी होतात, ८४० माणसं होत नाहीत. एकाच मुलाच्या चौदा रात्री एकमेकींच्या बहिणी असतात. त्या स्वतंत्र धरून सहसंबंध काढला तर सगळंच ‘सार्थ’, म्हणजे योगायोग नसलेलं, निघतं आणि आनंद होतो, तो दोनच दिवस टिकतो.

गुणात्मक डेटाबद्दल मुलांचा समज असतो की संख्या जमली नाही तर मुलाखत घ्यावी. एक तासाची मुलाखत नीट उतरवून काढायला सहा-सात तास लागतात, तेव्हा हा समज जातो. मुलाखत ज्या मराठीत झाली त्याच मराठीत उतरवा, कोडिंगही, म्हणजे उताऱ्यांना आशयाची लेबलं देणंही, त्यातच करा. ‘डोक्याला शॉट’, ‘जीव लागत नाही’, ‘दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो’ याचं आधीच इंग्रजी केलंत तर हातात ‘स्ट्रेस’, ‘बोअरडम’ आणि ‘मी टाइम’ उरतं आणि मुलगी निघून जाते. दोघींनी कोडिंग केलं तर नुसती टक्केवारी देऊ नका. समजा १०० उतारे आहेत. ‘एकटेपणा’ हा कोड दोघींनी दिलेले १०, फक्त पहिलीने ५, फक्त दुसरीने १०, आणि ७५ ला दोघींनीही दिला नाही. एकमत ८५ टक्के, ऐकायला छान. पण कोड विरळाच असल्याने नुसत्या योगायोगानेही ७१ टक्के जुळलं असतं. तो भाग वजा करून कोहेनचा कप्पा काढला तर ०.४८ येतो. मुलाखतींतून समान आशयसूत्रं शोधणाऱ्या थीमॅटिक ॲनालिसिसमध्ये एक पंथ असा कप्पा काढणंच चूक मानतो. तुम्ही कोणत्या पंथाच्या ते आधी ठरवा आणि तसं लिहा, दोन्हीकडे पाय ठेवू नका.

प्राथमिक-दुय्यम हे सगळ्यात सोपं. तुम्ही गोळा केलं ते प्राथमिक, दुसऱ्याने वेगळ्या कामासाठी गोळा केलेलं तुम्ही वापरलं ते दुय्यम. दुय्यमला कमी लेखू नका. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या ८७,४९८ मुलांची बुद्धिमापन चाचणी एकाच दिवशी घेतली गेली. त्या वह्या दशकानुदशकं पडून होत्या. त्या हाती लागल्यावर मानसशास्त्रज्ञ इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काही मुलांना, आता म्हातारी झालेली, शोधून पुन्हा तीच चाचणी दिली. असा डेटा आज पैसे टाकूनही उभा करता येणार नाही. आपल्याकडे दुय्यम आकडा म्हणून निम्हान्सचं (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचं) २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सर्रास उद्धृत होतं. ते १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. ‘महाराष्ट्रातील तरुणांमध्ये’ अशी सुरुवात करून खाली तो आकडा टाकलेले सिनॉप्सिस मी दर वर्षी परत पाठवतो.

आता गाइडना काय सांगायचं ते. ‘सर, डेटा प्राथमिक आणि मुख्यतः संख्यात्मक आहे. मोबाइल वापर फोनच्या नोंदीतून, गुणोत्तर श्रेणीत. झोपेचा दर्जा सेल्फ-रिपोर्टमधून, एकूण गुण अंतराल धरून. चौदा दिवसांची सकाळची डायरी, म्हणजे एकाच व्यक्तीच्या पुनरावृत्त नोंदी. शिवाय सहा जणींच्या मुलाखती, गुणात्मक.’ बँडचा मोह सोडा. प्रतिक्रियाकाल घेणार असाल तर सगळ्यांना एकाच लॅपटॉपवर घ्या, कारण प्रत्येक फोनचा पडदा आपापल्या गतीने प्रतिसाद देतो.

आणि नैराश्याची पीएचक्यू-९ ‘जाता जाता’ जोडायचा विचार असेल तर नववा प्रश्न आधी वाचा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोन वाजता गूगल फॉर्मवर कुणी तिथे ‘जवळजवळ रोज’ भरलं आणि तुम्ही ते महिन्याने तक्ता करताना पाहिलं, तर? त्याच दिवशी बघणारं कुणी आणि पुढे पाठवायची ठरलेली जागा नसेल, तर ती प्रश्नावली घेऊच नका.

पायलटला, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या चाचपणीला, पाच-सहा जणी पुरेत, पण फॉर्म पाठवून मोकळ्या होऊ नका. शेजारी बसा आणि प्रत्येक उत्तर लिहिताना मनात काय आलं ते मोठ्याने बोलायला सांगा. आमच्या मागच्या पायलटमध्ये ‘गेल्या महिन्यात साधारणपणे किती वाजता अंथरुणावर गेलात?’ या प्रश्नावर एक मुलगी पेन खाली ठेवून म्हणाली, ‘सर, सबमिशनच्या आधीचं लिहू की नंतरचं?’